बाईकचा टायर कधी बदलायचा? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

मे महिना संपत आला की टायरबद्दलचे प्रश्न सुरू होतात, आणि खरं सांगायचं तर विचारायची वेळ तीच बरोबर आहे. बहुतेक लोक टायर पूर्ण गोटा झाल्यावर, नाहीतर पहिल्या पावसात एकदा गाडी सरकल्यावर जागे होतात. खालची उत्तरं मुख्यतः आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे १०० ते ३५० सीसीच्या बाईक आणि स्कूटर. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

टायर संपला हे नक्की ओळखायचं कसं?

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, वरच्या कडेजवळ छोटा त्रिकोण नाहीतर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्या खुणेवरून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघा, तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसेल, हीच ती झिजेची पट्टी. आजूबाजूची नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला, मग पंक्चरवाला काहीही म्हणो. ही खूण टायरवर गोल फिरत बऱ्याच ठिकाणी असते, म्हणून एकाच जागी बघून समाधान मानू नका, चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण टायर सगळीकडे सारखा झिजतोच असं नाही. मेन स्टँड असेल तर काम सोपं, नसेल तर कोणालातरी गाडी ढकलायला सांगा आणि खाली बसून मोबाईलचा टॉर्च मारा. बोटाने चाचपून अंदाज घेऊ नका, बोटाला दोन मिलिमीटर आणि एक मिलिमीटर सारखंच लागतं. प्लास्टिकचा खोली मोजायचा गेज ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो, तो घेऊन टूलकिटमध्ये टाकून ठेवा.

कायद्याने किती नक्षी लागते?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ क्रमांकाचा नियम टायरच्या अवस्थेबद्दल आहे. दुचाकी आणि तीनचाकीला नक्षीची खोली कमीत कमी ०.८ मिलिमीटर, आणि कारसारख्या मोठ्या गाड्यांना १.६. पण हा आकडा म्हणजे त्याखाली टायर बेकायदेशीर होतो एवढंच, तिथपर्यंत टायर चांगला असतो असा त्याचा अर्थ काढू नका. कोरड्या रस्त्यावर एक मिलिमीटरवरही गाडी बरी चालते, उलट काही वेळा छानच चिकटते आणि त्यामुळेच माणूस फसतो. पाण्यात तोच टायर वेगळाच वागतो. माझं मत विचाराल तर मागच्याला दोन मिलिमीटर आणि पुढच्याला त्याहून थोडं जास्त असतानाच बदलायचा विचार सुरू करावा, आणि तेव्हा मे चालू असेल तर विचार न करता बदलावा.

नक्षी तर भरपूर आहे, पण टायर जुना आहे. तरी बदलायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात कमी लोक विचारतात. टायर संपतो तीन प्रकारे: झिजून, म्हातारा होऊन, नाहीतर मार खाऊन. आपल्याकडे सगळे फक्त पहिलाच प्रकार बघतात. सोसायटीत आजोबांची स्कूटर असते, वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत, नक्षी नव्यासारखी, पण रबर इतकं कडक झालेलं असतं की नखाने दाबलं तर दबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू खातात, ऊन त्यात भर घालतं. कंपनी रबरात संरक्षणासाठी मेणासारखा पदार्थ घालते, पण तो टायर फिरत, वाकत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतो. म्हणून उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा टायर लवकर म्हातारा करते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्यायचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो काढून टाकायचा, असा सल्ला काही मोठ्या टायर कंपन्याच देतात. आपल्याकडचं ऊन, आणि गाडी उघड्यावर उभी करायची सवय बघता मी दहापर्यंत थांबणार नाही, सहा-सात वर्षं खूप झाली.

टायर कधी बनलाय हे कुठे लिहिलेलं असतं?

साइडवॉलवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला-दुसरा आठवडा. कधी कधी हे आकडे फक्त एकाच बाजूला असतात, त्यामुळे दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूने बघा, सायलेन्सरच्या मागे लपलेले असतात. तीन आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तो संग्रहालयात द्या.

मागचा टायर पुढच्याच्या आधी का जातो?

इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकातून रस्त्यावर उतरते, वजनही मागे जास्त, वर डबल सीट, आणि गॅसचं सिलेंडर किंवा भाजीच्या पिशव्या आपण मागेच लादतो. त्यात आपल्याकडे निम्मे लोक नुसता मागचाच ब्रेक मारतात, पुढचा दाबला की गाडी उलटते अशी भीती लहानपणी कोणीतरी घालून ठेवलेली असते. त्यामुळे साधारण दोन मागचे टायर होतात तेव्हा एक पुढचा होतो असा ढोबळ हिशोब धरा. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी मागच्याकडे अजून लक्ष ठेवावं, बॅटरीचं वजन आणि मूठ पिळल्या पिळल्या मिळणारा टॉर्क यामुळे मागचा लवकर घासतो.

मग साधारण किती किलोमीटरला बदलायचा?

सगळ्यांना एकच आकडा हवा असतो, पण तसा नसतो. साध्या कम्यूटर बाईकचा मागचा टायर वीस ते तीस हजार किलोमीटर सहज जातो, शांत चालवणारा त्याहून पुढे नेतो. मऊ रबराचे टायर असलेल्या स्पोर्टी गाडीचा मागचा दहा-पंधरा हजारांतच हात टेकतो, त्यात टायर खराब आहे असं काही नाही, मऊ रबर चिकटतं म्हणूनच झिजतं. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांचं वेगळं, दिवसभर थांब-चाल-थांब, मागे जड पेटी, आणि दर सिग्नलला करकचून ब्रेक. किलोमीटर वहीत लिहून ठेवा, त्याने अंदाज येतो, पण निर्णय मीटर बघून करू नका, टायर बघून करा.

मधोमध टायर सपाट झालाय पण कडेला नक्षी शाबूत आहे, अजून चालवू का?

नाही. बाईकचा टायर गोलाकार असतो तो गाडी वळताना कलावी म्हणूनच. हायवेवर सरळ सरळ चालवणाऱ्यांचा, पुण्याहून कोल्हापूर किंवा नाशिकहून मुंबई असं रोजचं असणाऱ्यांचा, टायर मधे झिजून चौकोनी होतो. मग वळणावर गाडी कलवायला जाता तेव्हा त्या सपाट भागाच्या कडेवरून टायर एकदम खाली पडल्यासारखा होतो, गाडी आधी वळायला नको म्हणते आणि मग अचानक जास्त वळते. खंबाटकीच्या वळणांवर हे लगेच जाणवतं. कडेची नक्षी पैसे वाचवायला काही उपयोगाची नाही, मोजायचं ते मधलंच. आणि सारखी हवा जास्त ठेवलीत तरी असाच मधला भाग झिजतो, ते वेगळं कारण, उपाय सोपा.

पुढच्या टायरवर लाटा आल्यासारखं झालंय, हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागतं.

थोडंफार होणं स्वाभाविक आहे, पुढच्या टायरवर सगळा भार ब्रेकचाच असतो, त्यामुळे नक्षीचा प्रत्येक ठोकळा एका कडेने जास्त घासला जातो. पण खोलगट खड्डे पडायला लागले, घूं घूं आवाज यायला लागला किंवा हँडल थरथरायला लागलं तर आधी हवा बघा, मग फोर्कचं ऑइल आणि सील, मग हेडच्या बेअरिंग. नुसता टायर बदलून आलात तर नवा टायरही काही महिन्यांत तसाच होईल. तसंच मागच्या टायरची एकच बाजू झिजत असेल तर चेनचं अॅडजस्टमेंट बघा, स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, दोन्हीकडे खुणा असतात, चेन टाइट करताना मेकॅनिकने घाईत एक बाजू जास्त ओढली की चाक तिरकं बसतं. आणि एकाच जागी चट्टा पडल्यासारखं सपाट झालं असेल तर ते तुमच्या करकचून दाबलेल्या ब्रेकचं काम, चाक लॉक होऊन रस्त्यावर घासत गेलेलं असतं.

हवा किती ठेवायची? पंक्चरवाला म्हणतो तीस-तीस मारून टाकतो.

त्याला नाही म्हणा, आवाज न चढवता. चेनच्या कव्हरवर, स्विंगआर्मवर किंवा सीटखाली स्टिकर असतो, नाहीतर माहितीपुस्तकात असतं, तोच आकडा. बऱ्याच कम्यूटर गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास, मागे एकट्याला २८ ते ३०, आणि डबल सीटला ३२ ते ३६ असं असतं. एकटे असताना एक आणि मागे कोणी असताना दुसरं हे आपण कोणी पाळत नाही, पण निदान घरच्यांना घेऊन गावाला निघताना तरी हवा वाढवा. हवा टायर थंड असताना मोजायची, म्हणजे घरून निघून फार तर दोन-तीन किलोमीटरवरच्या पंपावर. वीस किलोमीटर पळवून मोजलीत तर गरम हवेचा आकडा जास्त दिसतो आणि तुम्ही बरोबर असलेली हवा काढून टाकता. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण एक-दीड पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी कमी भरते.

कमी हवेने टायर फुटतो हे बऱ्याच जणांना पटत नाही, त्यांना वाटतं जास्त हवेनेच फुटेल. खरं म्हणजे कमी हवेत साइडवॉल प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकून वाकून आतून तापते, आणि नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, दोन माणसं आणि सामान घेऊन तासन् तास पळवली की आतले धागे हार मानतात. दर पंधरा दिवसांनी हवा बघणं एवढं एक केलंत तरी टायरचं आयुष्य बरंच वाढतं, मायलेजही.

नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, पैसे मोजण्याइतका फरक रोजच्या गाडीला पडत नाही.

पावसाळ्याआधीच बदला असं सारखं का सांगता?

कारण नक्षीचं काम मुख्यतः पाणी बाहेर काढायचं आहे. कोरड्या रस्त्यावर पकड रबर देतं, ओल्या रस्त्यावर आधी पाणी बाजूला व्हावं लागतं, तेव्हा कुठे रबर रस्त्याला टेकतं. खाचा उथळ झाल्या की पाणी जायला जागाच नाही, आणि टायर पाण्याच्या थरावर चढतो. बाईकचा टायर अरुंद आणि गोल असल्यामुळे तो कारइतका पटकन तरंगत नाही हे खरं, पण कार तरंगली तर सरकते, बाईक सरकली तर आपण खाली. आणि आपल्याकडच्या पावसाळी रस्त्यांची यादी बघा: पहिल्या सरीत वर आलेलं तेल आणि धूळ, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, पेव्हर ब्लॉक, कोकणात उतारावर वाहून आलेली लाल माती, ताम्हिणीत किंवा आंबेनळीत झाडाखालच्या वळणांवरचं शेवाळ. नवा टायर यातल्या सगळ्यापासून वाचवत नाही, शेवाळावर तर कोणीच नाही वाचवत, पण झिजलेला टायर वाचायची जी थोडी संधी असते तीही घालवतो.

मग लोक म्हणतात पावसाळा काढू कसाबसा, दिवाळीत बोनस आला की टाकू. हिशोब अगदी उलटा आहे. टायर तर तुम्ही वर्षाच्या आत बदलणारच आहात, दीड-दोन हजार जाणारच आहेत, मग जून ते सप्टेंबर जुन्यावर काढून ऑक्टोबरच्या कोरड्या रस्त्यासाठी नवा का ठेवायचा? पुणे-मुंबईतून दर शनिवारी घाटात भिजायला जाणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं.

साइडवॉलवर बारीक भेगा दिसतायत, घाबरायचं का?

केसासारख्या बारीक, वरवरच्या भेगा म्हणजे रबर म्हातारं होतंय. तारीख बघा आणि बदलायची तयारी ठेवा. भेगेत नख अडकत असेल किंवा आत धागे दिसत असतील तर त्याच दिवशी बदला. साइडवॉलवर फुगा आला असेल तर त्या गाडीवर बसूच नका. जोरात खड्डा बसला की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेपला जातो, आतले धागे तुटतात, बाहेरचं रबर शाबूत दिसतं पण हवा तिथून बाहेर ढकलायला लागते. हा फुगा दुरुस्त होत नाही, आतून गेटर, म्हणजे रबराचा तुकडा, टाकून देतो असं कोणी म्हणालं तरी नको. खड्ड्यात दणका बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या दोन्ही बाजू आणि रिमची कड बघायची सवय लावून घ्या, विशेषतः रात्री पावसात बसला असेल तर, कारण तेव्हा काही दिसत नाही.

किती पंक्चर झाले की टायर बदलायचा?

आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. रस्त्याला लागणाऱ्या भागातलं छोटं भोक, सहा मिलिमीटरपर्यंतचं, दुरुस्त होतं. खांद्यावरचं, म्हणजे नक्षी संपते त्या कडेवरचं, किंवा साइडवॉलवरचं नाही, तो भाग सारखा वाकतो, तिथे भोकात घालायची रबराची स्ट्रिप टिकत नाही. दोन पंक्चर एकमेकांना अगदी चिकटून असतील तरी टायर गेला. ट्यूबलेसला बाहेरून स्ट्रिप घालतात ती घरी पोचण्यापुरती आहे असंच समजा, नीट दुरुस्ती म्हणजे टायर काढून आतून मशरूम पॅच, तो लावणारे शोधावे लागतात पण शहरात मिळतात.

आणि एकदम सारखे सारखे पंक्चर व्हायला लागले, महिन्यात दोनदा, तीनदा, तर नशिबाला दोष देऊ नका, नक्षी मोजा. रबर पातळ झालं की आधी जे खिळे-काटे अर्ध्यात अडकायचे ते आता आरपार जातात. मराठवाड्यात वेड्या बाभळीचे काटे सगळीकडे, शेतातल्या वाटेवर रोज जाणाऱ्यांना टायर संपत आलाय हे गेजच्या आधी पंक्चरवाल्याकडून कळतं.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकली तर चालतं का? रिम वाकलंय म्हणून हवा राहत नाही.

गावाकडे हा उपाय सर्रास करतात, तात्पुरतं घर गाठायला ठीक. कायमचं करू नका. आत ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून जास्त तापतात, आणि ट्यूबलेसचा मुख्य फायदाच जातो. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, तुम्ही बाजूला थांबू शकता. ट्यूबमध्ये भोक पडलं की काही सेकंदांत चाक बसतं, तेही सत्तरच्या वेगाला पुढचं असेल तर हातात काही राहत नाही. रिम सरळ करून घ्या, तडा असेल तर बदला.

पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे टाकून वापरला तर?

काही स्कूटरला दोन्हीकडे एकच साइज असते म्हणून हा मोह होतो. मागचा घासलेला टायर पुढे टाकायचा म्हणजे जो टायर तुम्हाला उभं ठेवतो तिथेच सगळ्यात वाईट माल लावायचा. मागचं चाक सरकलं तर बऱ्याच वेळा सावरता येतं, पुढचं सरकलं की कळेपर्यंत जमीन आलेली असते. शिवाय जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, थांबवायचं मोठं काम पुढचा टायर करतो. बाईकला तर नक्षीसुद्धा वेगळी असते, कम्यूटरच्या पुढच्या टायरला लांबच लांब रेषा असतात आणि मागच्याला ठोकळे, ते उगाच नसतं. एकाच वेळी दोन्ही बदलायलाच हवेत असं मात्र नाही, ज्याची वेळ आली तो बदला. फक्त एक रेडियल (आतले धागे सरळ आडवे असलेला) आणि दुसरा साधा (धागे तिरके असलेला) अशी जोडी गाडीच्या कंपनीने सांगितल्याशिवाय करू नका.

जरा रुंद टायर टाकला तर गाडी भारी दिसेल, पकडही वाढेल ना?

दिसेल. पकडीचं तसं नाही. प्रत्येक रिमच्या रुंदीला ठरावीकच टायर नीट बसतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, वरचा आकार टोकदार होतो आणि रस्त्याला लागणारा भाग उलट कमी होऊ शकतो. गाडी वळायला जड होते, मायलेज पडतं, चेनच्या कव्हरला घासतं. १०० बाय ९० च्या (१०० मिलिमीटर रुंद, आणि उंची रुंदीच्या ९० टक्के) १७ इंची टायरच्या जागी १२० बाय ८० टाकला तर चाकाची एकूण उंची सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे स्पीडोमीटर मागच्या चाकावर असेल तर तोही चुकणार. एक पायरी वर, तीही रिमवर बसते याची खात्री करून, एवढंच. मॉडिफिकेशनच्या दुकानात चाकं बघून डोळे दिपतात, त्यांना पावसात तुमच्याबरोबर यायचं नसतं.

टायरवरच्या आकड्यांमधलं ५५पी वगैरे काय असतं?

आकडा वजनाचा कोड आणि अक्षर वेगाचा. ५५ म्हणजे २१८ किलो, ४७ म्हणजे १७५ किलो, हे एका टायरने पेलायचं वजन, तेही पूर्ण हवेवर. अक्षरांमध्ये जे म्हणजे ताशी १००, एल १२०, पी १५०, एस १८०, एच २१०. गाडीबरोबर जो आला त्याहून कमी कोडचा टायर घेऊ नका, जास्त असला तर हरकत नाही. दुकानदार कधी कधी साइज जुळली की पुढे बघतच नाही, तुम्ही बघा.

जुन्या टायरवर परत नक्षी पाडून देतात, स्वस्त पडतं. घ्यावा का?

अजिबात नको. गरम पात्याने गोट्या टायरमध्ये खाचा कोरतात, काळा रंग मारतात आणि नवा असल्यासारखा चमकवतात. त्या खाचा उरल्यासुरल्या रबरातच कोरलेल्या असतात, खाली धाग्यांवर कागदाएवढा थर राहतो. ट्रकच्या टायरला रिट्रेडिंग होतं ते वेगळं, ती व्यवस्थित प्रक्रिया आहे आणि ट्रकला मागे चार-चार टायर असतात. आपल्याला एक पुढे, एक मागे. ओळखायचं असेल तर झिजेची पट्टी शोधा, कोरलेल्या टायरमध्ये ती नसते, आणि खाचांच्या कडा हाताने कापल्यासारख्या ओबडधोबड असतात.

नवीन टायर घेताना काय बघायचं?

आधी तारीख. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या आतला चालेल, त्याहून जुना असेल तर दुसरा दाखवा म्हणा किंवा भाव कमी करा. आयएसआयची खूण दुचाकीच्या टायरला सक्तीची आहे, त्याखाली आयएस १५६२७ असा क्रमांक असतो. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या, कारण बनावटीतला दोष निघाला तर कंपनी उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने भरपाई देते आणि तेव्हा बिलाशिवाय कोणी उभं करत नाही. खिळा लागला, खड्ड्यात फाटला याची वॉरंटी नसते, त्यावरून दुकानात भांडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुनाच भाव सांगत असेल तर बिलावर कराचा रकाना बघा.

कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न मी मुद्दाम टाळतो. गाडीबरोबर आलेल्या टायरवर तुम्ही समाधानी असाल तर तोच परत, नसाल तर त्याच साइजमध्ये जरा मऊ रबराचा, तो लवकर जाईल हे मान्य करून.

बसवताना मशीन असलेलं दुकान गाठा, पहार-पान्ह्याने अलॉयवर ओरखडे येतात आणि कधी टायरची कडच फाटते. ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूब नवीनच टाका, जुनी ताणलेली असते, नव्यात तिला घडी पडते आणि तिथेच फाटते. ट्यूबलेस असेल तर वॉल्व्ह नवीन, ते अगदी किरकोळ पैशांत होतं. फिरण्याच्या दिशेचा बाण बघितल्याशिवाय चाक गाडीला लावू देऊ नका, गडबडीत उलटा बसवलेला टायर मी बऱ्याच गाड्यांवर बघितलाय. निघण्यापूर्वी ब्रेक दाबून बघा, अॅक्सलचा नट टाइट आहे ना बघा.

नवा टायर सरकतोय असं का वाटतं?

कारण सरकतो. साच्यातून निघालेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो थोडा घासला जाईपर्यंत पकड येत नाही. पहिले शे-दीडशे किलोमीटर शांतपणे, एकदम गाडी न कलवता, करकचून ब्रेक न मारता. टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावतात, तेही वाळायला एखादा दिवस द्या. म्हणून ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलू नका, आठवडाभर आधी बदला. आणि नवीन टायर पहिल्यांदा पावसातच चालवायला लागू नये हेही मे महिन्यात बदलायचं एक कारण.

वॉशिंगवाला टायरला पॉलिश मारतो, चालेल?

साइडवॉललाही नसलेलं बरं, आणि रस्त्याला लागणाऱ्या भागाला तर कधीच नाही. सिलिकॉनचं पॉलिश म्हणजे शुद्ध घसरगुंडी. गाडी धुवायला देतानाच सांगून ठेवा, दादा टायरला काही मारू नका, कारण न विचारता मारायची त्यांना सवय असते. चेनला ऑइल मारतानाही मागच्या टायरवर उडतं, पुठ्ठा धरा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल याने टायर पुसू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं.

अपघातात टायर फाटला तर विमा देतो का?

फुल इन्शुरन्स असला तरी नुसता टायर फाटला, बाकी गाडीला काही नाही, तर नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायर-ट्यूबच्या किमतीच्या निम्मे मिळतात. थर्ड पार्टीमध्ये तुमच्या स्वतःच्या गाडीचं काहीच नाही.

सेकंड हँड बाईक घेतोय, टायरवरून काही कळतं का?

बरंच कळतं. मीटर आठ हजार दाखवतंय आणि टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे आहेत, तर विचारा की आठ हजारांत दोन्ही टायर कसे संपले. मीटर मागे फिरवणारा गाडी पॉलिश करतो, सीट कव्हर बदलतो, पण टायरची तारीख बदलू शकत नाही. उलट टायर गाडीबरोबरचेच असतील आणि गाडी सहा वर्षांची असेल तर दोन टायरचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

मुलगा परदेशात आहे, त्याची बाईक दोन वर्षं पार्किंगमध्ये उभी आहे. टायरचं काय?

पुण्यात दर सोसायटीत कव्हर घातलेली अशी एक तरी गाडी असते. मेन स्टँडवर उभी करा, नसेल तर महिन्यातून एकदा दोन हात पुढे-मागे सरकवा म्हणजे एकाच जागी दबून राहणार नाही. हवा पूर्ण ठेवा. तो सुट्टीला आला की पहिल्या दिवशी चावी देऊ नका, आधी भेगा आणि तारीख बघा, तो उत्साहात सरळ लोणावळ्याला निघतो.

जुना टायर घरी आणू का, काही उपयोग होतो का?

झोपाळा करणार असाल तर आणा, नाहीतर दुकानातच सोडा, तिथून तो पुनर्वापरासाठी जाऊ शकतो. गच्चीवर ठेवलात तर पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास त्यातच होतात, महापालिकेची माणसं घरोघरी येतात तेव्हा पहिलं टायरच शोधतात. शेकोटीत जाळू तर नकाच. आणि दुकानात सोडताना एक करा, पूर्ण गोटा झालेला असेल तर समोरच साइडवॉल पात्याने कापून घ्या, नाहीतर तोच टायर खाचा कोरून, रंग मारून कोणाच्यातरी गाडीला परत लागतो.